दुसरा रकाना

बैठक नऊची होती, सुरू झाली पावणेदहाला.
मुंढव्याच्या व्यायामशाळेत मॅट गुंडाळून भिंतीशी लावलेली,
तिच्यावरच सहाजण बसले, बाकीचे खुर्च्यांवर.
विषय एकच:
पुण्याला कबड्डीचा दुसरा व्यावसायिक संघ हवा का.

मी गुणलेखक. मत मला कुणी विचारलं नाही.
इतिवृत्त लिहायला बोलावलेलं,
अक्षर बरं म्हणून.

तापकीर म्हणाले, शिलेदार आहेत ना,
एका गावाला एकच संघ शोभतो.
मागून कुणीतरी: मानाचे गणपती किती, तेवढं सांगा.
हशा.
मी 'हशा' लिहिलं, मग खोडलं.

एक बिल्डर होते, पैसे घालणारे.
फोन पालथा घालत, सुलटा करत, पुन्हा पालथा.
त्यांना संघ हवा होता
की सोलापूर रस्त्यावर संघाच्या नावाची पाटी,
ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग सुलभा काळभोर उठल्या, लोणीच्या.
शिलेदारांत आपली पोरं किती?
पंखा तेवढा बोलत होता.
दोन, त्याच म्हणाल्या.
आणि त्यातला एक पाणी देतो.

हे मी जसंच्या तसं लिहिलं.

मी डावा कोपरा खेळायचे, भोसरीला, मातीवर,
गुडघ्यांना अजून ती माती आठवते जिना चढताना.
बाद झालं की रेषेबाहेर बसायचं, ओळीने,
ज्या क्रमाने मेलो त्या क्रमाने.
आणि डोळे लावायचे आपल्या चढाईवालीकडे,
तिने पलीकडे नुसती बोटं टेकवून परत यावं,
की ओळीतली पहिली जिवंत.
एका जिल्हा स्पर्धेत मी तिसरी होते ओळीत.
दोघी उठल्या. मग शिट्टी झाली.

हे इतिवृत्तात बसत नाही.

दुसरा संघ आला तर ओळ थोडी पुढे सरकेल,
इतकंच मला वाटत होतं, लिहिता लिहिता.
पण गुणपत्रकावर रकाने दोन.
डावीकडे आपण, उजवीकडे पाहुणे,
तेवीस वर्षं मी असंच भरत आलेय.
बालेवाडीत हे दोघे समोरासमोर आले
तर पाहुणे कुणाला लिहू?
नदीच्या अलीकडच्यांना की पलीकडच्यांना?
आणि कुठलं अलीकडे, हे तरी कोण ठरवणार?
आमच्या भोसरीला तर अख्खं पुणेच पलीकडे.

तापकीर पुन्हा: माणसं वाटली जातील.
काळभोरबाई: वाटलेलीच आहेत, तिकीट तेवढं एक आहे.

साडेअकराला हात वर करा म्हणाले.
मी मोजले, आठ.
पुन्हा मोजा म्हणाले. नऊ.
कपबशा गोळा करायला आलेल्या सोनूने
दारातून हात वर केला होता,
दुसऱ्या हातात ट्रे.
रात्री सगळे गेल्यावर हाच मॅट उलगडतो,
एकटाच दम घुमवत मध्यरेषा ओलांडतो,
पलीकडे कुणी नसताना
कुणाला तरी शिवून परत येतो,
हे वॉचमन सोडून मलाच माहीत.

सदस्य नाही तो, तापकीर म्हणाले.
बरोबर आहे.
आठ विरुद्ध आठ, निर्णय पुढील बैठकीत,
असं लिहून मी सही घेतली.

घरी दार उघडत हे म्हणाले, काय ठरलं?
काही नाही.
ताट वाढून ठेवलं होतं, वर झाकण.
जेवताना मला राहून राहून वाटत होतं,
वही उघडावी.
सकाळी उघडली.
आठच्या शेजारी, समासात,
पेन्सिलीने, अगदी बारीक,
एक उभी रेघ काढून ठेवली.

गुण देताना काढते तशी.