वांधा असल्यास

पाचशे शब्दांत सांगा: कायदाच का.

पहिला खर्डा: लहानपणापासून मला न्यायाची ओढ.
खोटं. लहानपणापासून मला ओढ होती
सेव-उसळीवरच्या तिखट तरीची
आणि सुरसागरच्या कठड्यावर बसून पाय हलवायची.
दुसऱ्या खर्ड्यात संविधान आलं, दोनदा.
तिसरा झंखनाने वाचला, उभ्या स्कूटीवर बसून,
म्हणाली, "थोडी स्ट्रगल नाख ने, यार."
जसं मीठच कमी पडलंय.

शिफारसपत्राचं त्रिवेदी मॅडम म्हणाल्या,
तूच लिहून आण, मी सही करते.
मग रात्रभर मी स्वतःला 'ती' म्हणत
स्वतःची ओळख करून देत बसले:
ती वेळ पाळते. ती नम्र आहे.
ती प्रत्येक कागद बारकाईने वाचते.

इथे थांबले.

अकरा वर्षांची होते.
लहेरीपुरा दरवाज्याशी बाबांची घड्याळांची केबिन,
एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढी.
पालिकेची नोटीस आली, गुजरातीत.
बाबा गुजराती बोलायचे फाफड्यासारखी खुसखुशीत,
पण वाचायची म्हटली
की डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं
त्यांना उघडी-बोडकी वाटायची.
म्हणून मी वाचली. मोठ्याने, मराठी करत करत,
दोन गिऱ्हाइकांसमोर, जरा ऐटीतच.
शेवटची ओळ:
वांधो होय तो दिन त्रीसमां लेखितमां जाण करवी.
मी सांगितलं, काही वांधे असतील
तर तीस दिवसांत लिहून कळवा.

बाबा हसले. अंगठ्याने कुणाच्या तरी एचएमटीचं झाकण
टक्क करून बसवलं.
"आपले कसले वांधे? दोन वेळचं मिळतंय.
सरकारपुढे रडगाणं कशाला लिहायचं?"
आणि नोटिशीची घडी
एका बंद गजराच्या घड्याळामागे गेली.

पावागढच्या सहलीचं परवानगीपत्र आलं
तेव्हा मी नववीत.
बाळकने मोकलवा सामे मने कोई वांधो नथी,
खाली बाबांची सही, वळणदार, मोडीतून शिकल्यासारखी.
सामे. वांधो.
म्हणजे हरकत.
म्हणजे नाही म्हणता येत होतं.
तीस दिवस येत होतं.
मी सहलीला गेले. रोपवेत बसले. खाली पाहिलं नाही.
केबिनच्या जागी तोवर
पिवळ्या-करड्या फरश्यांचा फुटपाथ झाला होता,
चालायला चांगला.

झंखना ओरडली, हेच टाक!
घड्याळवाल्याचीच मुदत चुकली, काय आयरनी!
आयरनी नाही टाकली.
लिहिलं एवढंच:
एका शब्दाचा अर्थ मी चुकीचा सांगितला. वय अकरा.
माझ्यावर विश्वास होता, म्हणून कुणी दुसऱ्याला विचारलं नाही.

बाबा आता अलकापुरीत एका शोरूममध्ये
सेल बदलतात, पट्टे कापून देतात.
पगार एक तारखेला. एसी आहे, पाठ धरते.
काल जेवताना विचारलं, काय लिहितेस एवढं?
मी वाचून दाखवलं, इंग्रजीचं मराठी करत,
या वेळी हळू,
अडेल तिथे 'अडले' म्हणून सांगत,
एका शब्दाला उठून कोश काढत.
त्या वाक्यापाशी त्यांनी
टीव्हीचा आवाज कमी केला.
तो आधीच बंद होता.
मग कोशिंबिरीचं भांडं माझ्याकडे सरकवत म्हणाले,
"पाठव. काही वांधा नाही."
कुठल्या भाषेतला, ते मी विचारलं नाही.

शब्द भरलेत पाचशे बारा.
संविधान दोनदा होतं, दोन्ही काढली.
अजून दहा.