सुट्टे नव्हते

कारापूरच्या तिस्कावर माझं झेरॉक्सचं दुकान,
एक यंत्र, एक पंखा, लॅमिनेशनचा तापलेला वास.
दुपारी वीज गेली की पायरीवर बसते
आणि समोरच्या माळावर गंजणारे टिपर मोजते.
खाणी बंद पडल्या तेव्हा नऊ होते. आता चार.

पाचवा विकला बाबूसो पर्येकरानं,
सलोनीला कॅनडाला पाठवायला.
तिचे सगळे कागद माझ्या काचेवरून गेले:
गुणपत्रिका, बापाचं उत्पन्न, पतसंस्थेचं कर्ज,
आणि पणज्याचा पोर्तुगीज काळातला जन्मदाखला.
तो कुणी मागितला नव्हता.
तिची आई म्हणाली, "असूं दे गे, वजन येतं."
फोटोही मीच काढला. ओठ मिटून. हसायचं नाही,
असा त्यांचा नियम.

मग तिकडे ओटावाला कुणी एक उभा राहिला
आणि म्हणाला, घरं कमी पडतायत,
दवाखान्यांत रांगा आहेत,
आमच्या पोरांना भाडी परवडत नाहीत,
बाहेरून येणारे विद्यार्थी निम्मे करा.
बाबूसोनं ते मोबाइलवर पाहिलं,
रात्री पावणेबाराला, आवाज बारीक करून.
इंग्रजी कळलं नाही. एवढंच कळलं
की तिथे बाकं बडवत नाहीत,
उठून उभे राहतात आणि टाळ्या देतात.

सकाळी मी अर्थ सांगितला.
तो बराच वेळ टोनरच्या रिकाम्या डब्याकडे बघत राहिला.
"खरं असेल, बाई. जागा नसेल तर नको म्हणावं माणसानं.
पण मग पंगतीला बोलावून, ताट मांडून,
ताटाचे पैसेसुद्धा घेऊन...?"
पुढचं तो बोलला नाही.

नकाराचं पत्र एका पानाचं.
मीच छापून दिलं, पैसे घेतले नाहीत.
मुदत संपल्यावर तू परत जाशील
याची आम्हाला खात्री पटली नाही,
असं त्यात होतं.
आई म्हणाली, "मला तरी कुठं होती."

त्यानंतरच्या रविवारी ग्रामसभा.
पंखे बंद, खुर्च्या कमी, मागची माणसं खिडकीत.
कुणीतरी उठून म्हणालं, भाडोत्री फार झाले,
नळाला पाणी नाही, आरोग्य केंद्रात रांगा,
आमच्या पोरांना खोली मिळत नाही.
मला वाटलं हे मी कुठं तरी
भाषांतर करून सांगितलंय.
बाबूसोनं उभं राहून टाळ्या दिल्या.
ठराव झाला: पंधरा तारखेच्या आत
प्रत्येक भाडोत्र्याचा फॉर्म, फोटोसकट, ठाण्यावर.
हात मीही वर केला.
आमच्या नळाला खरंच पाणी नव्हतं.

सोमवारी हुलगप्पा आला,
गदगचा, चिऱ्यांच्या खाणीवरचा,
भुवयांवर तांबडी धूळ तशीच.
राहतो बाबूसोच्या मागच्या खोलीत.
त्याच्या भाड्यातून पतसंस्थेचा हप्ता जातो,
हे तिस्कावर सगळ्यांना ठाऊक आहे.
स्टुलावर बसला, शर्टाचं वरचं बटण लावलं,
विचारलं, "हसू काय?"
मी काही म्हणायच्या आत सलोनी म्हणाली, "हस."

सलोनी आता माझ्याकडेच असते,
सहा हजारांवर, बँकेची परीक्षा येईपर्यंत.
फॉर्म तिनं भरला, त्या परीक्षेसाठी घोटलेल्या
गोल, सुटसुटीत अक्षरात.
मूळ गाव. येण्याचं कारण. सोबत कोण.
बायको, आणि एक मुलगी, दुसरीत.
मग एक रकाना आला:
किती काळ राहण्याचा विचार आहे.
हुलगप्पानं तिच्याकडे पाहिलं,
तिनं माझ्याकडे.
मी म्हटलं, काहीतरी लिही बाई, वीज जाईल.

तिनं लिहिलं. काय ते मी वाचलं नाही,
तशीच काचेवर पालथं घातलं.
प्रकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला.
हुलगप्पानं पाचाचं नाणं ठेवलं.
दोनच झाले होते, पण सुट्टे नव्हते.
"राहू दे," तो म्हणाला,
"पुन्हा यावं लागेलच."