मुठीचे पैसे

चीड म्हणजे राग, एवढंच ठाऊक होतं आम्हाला.
झाडाचंही ते नाव असतं
हे दादू मावस्करला कळलं रोपवाटिकेत,
पिशव्या भरता भरता.

चिखलदऱ्याच्या पलीकडे
पठार जिथे वाऱ्याला उघडं पडतं
तिथे साहेबानं चीड लावली.
दोन वर्षं रोपं पिवळी पडली.
पाणी होतं, शेणखत होतं,
बकऱ्या हाकलायला दादू होता,
तरी तिसऱ्या महिन्यात माना टाकायची.
रजिस्टरात साहेब लिहायचा : मेली.

मग उत्तरेकडून एक ट्रक आला.
ताडपत्रीखाली पोती, पोत्यांत माती,
जुन्या चिडांच्या बुडाची,
कुजक्या सुयांच्या वासाची,
आणि तिच्यात पांढरं सूत,
कोळ्यानं आंधारात विणल्यासारखं.
"मातीचा का तोटा हाय मेळघाटात?"
दादू हसला. पण टाकली.
खड्ड्याला एक मूठ.
चारशे खड्डे, चारशे मुठी.
खड्ड्याचे पैसे मिळाले.
मुठीचा रकाना नव्हता.

त्या साली रोपं उभी राहिली.

पुढे कधीतरी पाहणीला आलेल्या बाईंनी
काडीनं जमीन उकरून दाखवलं :
हे सूत मुळाला मोजा घालतं,
मूळ पोचत नाही तिथलं पाणी आणतं,
मुरमातला क्षार चाटून आणतं,
आणि झाड वरून खाली
उन्हाची साखर सोडतं.
"म्हंजे बटई," दादू म्हणाला.
"हो, पण मालक कोण ते ठरलेलं नाही."
दादूनं मान हलवली. असली बटई
त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

एकोणिसाव्या भादव्यात सुयांचा थर फुगला.
दादूची सून सुमरती
वारुळावरचं टेकोडं डोळे मिटून ओळखते.
हे तिला ओळखता येईना.
टोपी तपकिरी, वर काकवी सांडल्यासारखी चिकट,
उलटून पाहावं तर पाती नाहीत,
मोहळाच्या पोळ्यासारखी पिवळी भोकं.
तिनं बोटं गवताला पुसली.
तिच्या थोरल्या मावशीचं जेवण
असंच एका अनोळखी छत्रीवर संपलं होतं.

विश्रामगृहाचा खानसामा हरकसिंग, गढवालचा,
गुडघे टेकून बसला तिथेच, चिखलात.
एक कापलं, हुंगलं, दुसरं कापलं.
अंगठ्यानं साल सोलत गेला
आणि बराच वेळ कोणाशी बोलला नाही.
त्या दिवशी साहेबाचं जेवण करपलं.

आता खोडांवर चुन्याचे आकडे आहेत.
बाहेरची झाडं, काढायची, असा कागद आलाय.
बरोबरही असेल. पठार गवताचंच होतं.
सागाशी त्या सुताचं जमत नाही म्हणे,
झाड गेलं की तेही जाईल
जसं आलं तसं, न सांगता.

आकडा दोनशे बाराच्या बुडाशी
सुमरतीला सात मिळाली.
हरकसिंगनं एकेक पाहून दिलं तेव्हाच
तिनं तवा चुलीवर ठेवला.
कांदा, तिखट, दुसरं काही नाही.
ताटली सासऱ्यापुढे सरकवली :
"घ्या मामाजी. तुमच्या मुठीचे."

दादू बघत राहिला ताटलीकडे.
मग एक तुकडा, मग दुसरा, हळू, मोजल्यासारखा.
"मीठ कमी हाय," म्हणाला,
आणि बोटं चाटली.