निवड

उद्यमनगरातल्या फौंड्रीतून आप्पा रिटायर झाले, त्या दिवसाचे
तीनशे बारा फोटो. कॅमेरा आतेभावाचा,
संध्याकाळच्या कागल गाडीनं परत पाठवायचा, कार्ड रिकामं करून.
आमच्या कॉम्प्युटरची सी ड्राइव्ह लाल झालेली.
पन्नास मावतील, फार तर साठ.

वायर जोडली. टुंग वाजलं.
आप्पा स्टूल ओढून शेजारी, बशीत चहा,
कानामागं अजून पेन्सिल. घरात कशाला, कोण विचारणार?

कंट्रोल दाबून धरायचं, एकेकावर क्लिक करायचं.
हार घालताना. नारळ घेताना.
मालकांचं भाषण. भेटीचं घड्याळ, मग उघडा खोका.
डोळे मिटलेले वगळले, हललेले वगळले,
पंगतीत तोंडात घास असलेले
"नगो घेऊस, निवास चिडंल."
एक्केचाळिसाव्यावर करंगळी सुटली
आणि सगळ्या निळ्या चौकटी
एका झटक्यात विझल्या.

मी कपाळावर हात मारला.
"हुतंय," आप्पा म्हणाले. "साचा मोडला म्हणून वाळू कुठं जात्या?
परत भर."

दुसऱ्यांदा भरताना मात्र ते बोलू लागले.
"भाषण काढ. हार दोन हैत, एक काढ.
मघाशी एक हललेला गेला बघ, त्यो दाव."

एकशे सत्त्याऐंशी.
सत्कार चालू असतानाच मेटल तयार झालेलं.
सगळे पाठमोरे. शाल अर्धी खांद्यावर, अर्धी हवेत,
दस्तगीरचाचांच्या हातात लॅडल
आणि उजव्या कोपऱ्यात नुसता पांढरा जाळ.
"यात तुमचा चेहरा कुठाय?"
"ओतायच्या वक्ताला तोंड कोण बघतंय?"

चाळीस वर्षं त्यांनी कास्टिंग
हातोडीची टिचकी मारून, ऐकून निवडलं.
बद्द वाजलं की बाजूला,
बाजूचं परत भट्टीत, भट्टीतलं परत साच्यात.
"आमच्यात रिजेक्शन मरत न्हाई.
तुझ्यात कुठं जातंय?"

पडद्यावरही तेवढ्यात तेच विचारलं होतं:
कॉपी झाल्यावर मूळ फोटो काढून टाकायचे?

नाही दाबलं.
कागलला फोन लावला: कॅमेरा उद्याच्या गाडीनं.

आप्पांनी वाकून टेबलाखालच्या डब्यावर
बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कान लावला,
काही बोलले नाहीत.
बशीतला गार चहा कपात परत ओतला
आणि कप माझ्या हातात दिला.
"तापव."