पाच कोनांची किल्ली

रात्री साडेआठला डॉक्टर हुक्केरी शेडवर आल्या.
उद्यमबागेतली निम्मी शटरं खाली.
गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापूस,
कापसात एक सुटा स्क्रू, तांदळाच्या कणीएवढा.
"आगतैती?"
म्हटलं, बघतो.

दात कंग्राळकर बाईंचे. वरचे, पुढचे चार,
ग्रॅच्युइटीतून बसवलेले.
हलायला लागलेत.
अर्धा फेरा आवळला की बसतील,
पण किल्ली कंपनीची
आणि कंपनीनं ते मॉडेल बंद केलंय.
नवीन घ्या म्हणते, पार हाडापासून.
दुसऱ्या कुणी किल्ली करायची नाही,
भोकाचा आकार तिच्या नावावर आहे.

आकार नावावर!
शेताचा उतारा निघतो, घराचा निघतो,
पाच कोनांचा उतारा
कुठल्या तलाठ्याकडं मागायचा?

तसा मीही काही साधू नाही.
माझं जिग शेजारच्या मल्लाप्पानं
चहा पिता पिता बघून ठेवलं
आणि दिवाळीच्या आत स्वतःचं म्हणून विकलं.
सहा महिने त्याच्या दारावरनं गेलो नाही.
डोकं झिजवल्याचं मोल असतं, कळतं मला.
पण माझं जिग व्हाइसमध्ये होतं.
हे बाईंच्या जबड्यात आहे.

बाईंनीच शिकवलं, त थ द ध न.
जीभ दाताला लावा रे, लागली?
परवा फोनवर "नाथा" म्हणाल्या
आणि थ-च्या जागी नुसता वारा आला.
हुक्केरी मॅडम कन्नड शाळेतल्या,
त्यांचेही हेच पाच, ह्याच जागेवर.
त्यासाठी कधी कुणाची नोटीस आली नाही.

एचएसएसचा तुकडा, भिंग,
नऊ दशांश मिलिमीटर.
दोन मोडल्या. तिसरी बसली.
बिलावर काय लिहायचं सुचेना,
"किरकोळ काम" लिहिलं, चाळीस रुपये.

गुरुवारी बाईंचा फोन.
"नाथा."
थ अख्खा.

आज गोकाकचे कुणी डॉक्टर विचारतायत,
वीस मिळतील का, भाव काय लावाल.
सांगतो म्हणून फोन ठेवलाय.
एक केली ती बाईंसाठी.
वीस कुणासाठी म्हणायच्या?
किल्ली ट्रेमध्ये उघडीच पडलीय,
पलीकडं मल्लाप्पाचा लेथ थांबला,
आणि त्याची चहाला यायची वेळ झाली.