उलटी पावलं

शनिवारी सकाळी दहाला
मी उलटी चालू लागते.
तोंड पाहुण्यांकडे, पाठ सगळ्या आयोवाकडे,
गळ्यात कॉलेजच्या रंगाचा मफलर,
तासाला अकरा डॉलर.
युनिशा गुरुंग, माझी रूममेट, पोखऱ्याची,
म्हणते, आमच्याकडे किचकंडीचे पाय असे असतात,
रात्रीची टूर तेवढी घेऊ नकोस.

आज दोनच कुटुंबं.
एक आई, फोटोमागून फोटो काढणारी,
तिचा मुलगा हूडच्या आत कुठेतरी.
आणि सिग्ने वेस्टरबी, वडिलांसोबत,
पहाटे चारला निघालेले,
पिकअपच्या मागे अजून बर्फाची फावडी.

ही लायब्ररी, एक लाख ऐंशी हजार पुस्तकं.
(तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची मी दाखवत नाही,
डावा हात कुणी चावल्यासारखा झिजलेली.
परीक्षेच्या आठवड्यात तिच्यासाठी मी सहाला उठते.)

हा घंटेचा मनोरा. चार मिनिटं मागे आहे.
दुरुस्तीला पैसे आले होते,
मग मतदान झालं: राहू दे.

बारा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक.
हे वाक्य पाठ आहे.
म्हणजे काय, तर ग्रीकला आम्ही तिघं.
न वाचता गेलं तर लपायला मागचा बाक नाही,
बाकच नाहीत, एक लंबगोल टेबल,
पलीकडे प्राध्यापक हुल्सेबुस.
क्रियापद चुकलं तर रागवत नाहीत,
वाट बघतात.
खिडकीबाहेर मक्याचे खुंट, आत ते वाट बघतायत,
आणि शेवटी तुम्हालाच काहीतरी सुचावं लागतं.

पुढच्या वर्षी ग्रीक बंद होतंय.
हे सांगायचं नसतं. सांगून टाकते.
हूडमधला मुलगा पहिल्यांदा वर बघतो.

"हे सगळं ठीक," मिस्टर वेस्टरबी म्हणतात,
"पण शेवटी याचं होतं काय?"
माणूस खवचट नाही.
बावीस वर्षं धान्याच्या कोठीवर वजनकाट्याशी:
ट्रक भरून येतो, मोजतात,
रिकामा जातो, मोजतात,
मधला फरक म्हणजे माल.

माझ्याकडे पत्रक आहे, त्यात टक्के आहेत.
पत्रक देते.

आठवतो मात्र पहिला फेब्रुवारी.
चार दिवस मी अंथरुणातून उठले नव्हते.
आजारी नव्हते. नुसती उठले नव्हते.
पाचव्या दिवशी दारावर थाप,
भूशास्त्राच्या बाई, बुटांना बर्फ,
हातात बरणीभर मसुराचं सूप
आणि झाकणावर एक दगड.
"यात समुद्र आहे. सोमवारी सांग, कुठला."
बसल्यासुद्धा नाहीत.

मोठ्या विद्यापीठात, चारशेंच्या वर्गात,
कुणी आलं नसतं असं नाही म्हणत मी.
तिथे मी गेलेच नाही.
इथे रिकामी खुर्ची दिसते, एवढं ठाऊक आहे.
कधी नको इतकी दिसते.
प्रेम मोडलं तरी तोच माणूस
दिवसातून तीनदा, जेवणाच्या रांगेत, तुमच्या पुढे,
ट्रे घेऊन.
तेही फीमध्येच.

हे सगळं मी वेस्टरबींना सांगू लागले,
बरणीपर्यंत आले, दगडापर्यंत आले,
हात हवेत, समुद्र आता निघणारच,
तर ते एकदम पुढे झाले:
"पोरी, मागे पायरी आहे."

होती.
तीन वर्षं दर शनिवारी
न बघता उतरलेली.

सिग्ने हसली, मग मी.
हूड मागे सारून मुलाने विचारलं,
बंद म्हणजे नक्की कधी?
आई फोटो काढायची थांबली.
मनोऱ्यात अकराचे टोले पडायला लागले.
मिस्टर वेस्टरबींनी पत्रकाची चौघडी केली,
मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं,
वर बघितलं,
आणि काही बोलले नाहीत.