तान्हूबाईचा रकाना

हनोखदादा आता चहा घेत नाही.
मिरजेत, मिशन हॉस्पिटलच्या फाटकासमोर
आईच्या ज्या टपरीवर त्याची फी उकळली, गाळली,
तिथल्या नव्या पोरानं ग्लास पुढं केला
तर म्हणाला, नको, आमच्यात चालत नाही.
आमच्यात म्हणजे सॉल्ट लेकमध्ये.

अबनेर मिसुरीहून आलाय. तो दोन ग्लास पितो,
एक स्वतःचा, एक दादाला दाखवायला.

मूळ एकच दोघांचं. एक पोरगा, एक रान,
सोन्याच्या पत्र्यांवरचं एक पुस्तक.
मग संदेष्टा तुरुंगात मारला गेला
आणि वाटणी निघाली.
दादाचे लोक बारा जणांमागून गाड्या जुंपून पश्चिमेला गेले,
अबनेरचे थांबले, संदेष्ट्याचा मुलगा मोठा होईपर्यंत.
मला हे समजायला वेळ लागला नाही.
तासगाव रस्त्याच्या तुकड्याचं
आमच्या चुलत्यांनी असंच केलंय.

आईला जाऊन वर्ष झालं.
वर्षाआधी नाव पाठवता येत नाही, दादा म्हणाला,
आणि फॉर्म काढला.
तिकडं मंदिरात, बारा बैलांच्या पाठीवर तोललेल्या हौदात
कुणी अनोळखी मुलगी आईच्या नावानं पाण्यात जाईल.
पूर्ण. केससुद्धा बुडाले पाहिजेत.
अरे, तिचा बाप्तिस्मा झालाय की, मी म्हटलं,
तान्हूची मार्था केली तेव्हाच.
तीन थेंब, दादा म्हणाला. आणि देणाऱ्याला अधिकार नव्हता.
मेलेल्यांचं देव बघेल, अबनेर म्हणाला,
आमच्यात हे चालत नाही.
तेच शब्द. सूरही तोच, आमच्या बापाचा.

मग देवावरून लागलं.
दादाच्या देवाला हाडामांसाचं शरीर आहे,
अबनेरचा तिघांत एक, इथल्या पाळकांच्या देवासारखा.
मी भडंगासाठी कांदा चिरत होते.
आई दादाच्या बाजूनं गेली असती.
म्हणाली असती, बरं झालं बाई,
म्हंजी त्येचंबी गुडघं दुखत असत्याल.

जन्मतारीख?
हळदीची काढणी चालू होती, एवढंच तिला ठाऊक.
पती?
दादा लिहायला लागला.
दोघांना कायमचं बांधता येतं म्हणे, मरणापलीकडं.
मी सुरी खाली ठेवली.
कुपवाडच्या बाईचा रकाना कुठाय?
अबनेरला हसू आवरेना. वाळवंटात तिसरीच एक फांदी आहे,
दादाच्या लोकांनी तोडून टाकलेली,
अजून चार-चार बायका करणारी.
म्हणजे आमचा बाप
पुस्तक न वाचताच त्या पंथाचा होता.
दादा हसला नाही. मग थोडा हसला.

अकरा वर्षं आई त्याच्याशी बोलली नाही.
डबा मात्र रोज जायचा, माझ्या हातून.
हे बांधलेलं होतं का सुटलेलं,
कुणाच्या पुस्तकात बघायचं?

आमच्यात बायका पुरोहित होतात, ताई, अबनेर म्हणाला.
होईन की, मी म्हटलं. माझी रात्रपाळी तू कर.

आणि एकोणीसच्या महापुरात, कृष्णाघाटावर,
पाणी तिच्या गळ्याशी आलं तेव्हा
तुम्ही दोघं फोनवर होता, आळीपाळीनं.
होडीतलं पोरगं हात पुढं करून ओरडत होतं
आणि ही खाली वाकली.
पूर्ण गेली. केससुद्धा.
वर आली ती टपरीचा स्टोव्ह घेऊन.
कुणाच्या अधिकारानं, ते मी विचारलं नाही.

दादानं तारखेच्या रकान्यात लिहिलं, हळद काढणी.
घेणार नाहीत, अबनेर म्हणाला.
माहितेय, म्हणाला दादा.
पतीसमोर काही लिहिलं नाही.

रात्री कुणीतरी ओट्याशी खुडबुडत होतं.
दादा. परसातली पात पाण्यात उकळत होता.
अरे, गवती चहा तो.
नुसतं नाव गं चहा, म्हणाला, पालाच की हा,
आणि बशीत ओतून,
फुंकर घालून,
आईसारखा आवाज करत प्यायला.